विंडोची चौकट कुणाच्या ताब्यात?

29 एप्रिल 2010 रोजी उबंटू या लिनक्स वितरणाची 10.04 ही आवृत्ती आली. ती सुरू करणाऱ्याला सगळ्यात आधी दिसली ती एकच गोष्ट: विंडो बंद करण्याचं, लहान करण्याचं आणि मोठी करण्याचं अशी तिन्ही बटणं उजव्या कोपऱ्यातून उठून डाव्या कोपऱ्यात जाऊन बसली होती. बदलाची कुणकुण लागल्यापासूनच तक्रारींचा पाऊस पडत होता, कारण हाताला लागलेली सवय मोडणं सोपं नसतं. या गदारोळात एक तांत्रिक बाब मात्र फारशी कुणी लक्षात घेतली नाही. हा बदल करण्यासाठी एकाही प्रोग्रॅमला हात लावावा लागला नव्हता. ब्राउझर, टेक्स्ट एडिटर, कॅल्क्युलेटर, फोटो पाहण्याचं साधन, सगळ्यांची बटणं एका सेटिंगमधल्या एका ओळीने हलली. त्या ओळीत बटणांची नावं आणि मध्ये एक अपूर्णविराम होता. अपूर्णविरामाच्या आधी लिहिलेली बटणं डावीकडे, नंतर लिहिलेली उजवीकडे. ज्यांना बदल नको होता त्यांनी ती ओळ पहिल्यासारखी लिहिली आणि विषय तिथेच संपवला. ऑक्टोबर 2017 मध्ये 17.10 या आवृत्तीत उबंटूने बटणं पुन्हा उजवीकडे आणली.

हे इतकं सहज झालं, कारण ती बटणं त्या प्रोग्रॅमांची नव्हतीच. विंडोभोवतीची चौकट, वरची नावाची पट्टी म्हणजे टायटल बार, त्यातली बटणं आणि कडेला धरून ओढायची किनार, हे सगळं विंडो मॅनेजर नावाचा वेगळा प्रोग्रॅम रंगवत होता. आज तोच बदल करायचा तर निम्मी कामं होतील आणि निम्मी अडतील. काही ॲप ती सेटिंग वाचतात, काही वाचत नाहीत, काहींनी बटणं आपल्याला हवी तिथे कायमची चिकटवून टाकलेली असतात. आता अनेक ॲप आपली पट्टी स्वतःच रंगवतात. चौकट कुणी सांभाळायची यावरून डेस्कटॉप बनवणाऱ्यांमध्ये पंधरा वर्षांहून अधिक काळ कडवा वाद चालू आहे. बाहेरच्याला तो सजावटीवरून चाललेला क्षुल्लक तंटा वाटतो. प्रत्यक्षात त्यात विश्वास, सुरक्षितता आणि वापरणाऱ्याचा हक्क गुंतलेला आहे.

वादाचं मूळ 1984 सालात आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रॉबर्ट शाइफलर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टिमची उभारणी सुरू केली. त्यांचं धोरण असं, की एक्सने साधनं पुरवायची, पण ती कशी वापरावीत हे सांगायचं नाही. पडद्यावर विंडो उघडणं, तिच्यात रेघा आणि अक्षरं उमटवणं, माउस आणि कीबोर्डचे संदेश योग्य जागी पोचवणं एवढं काम एक्स सर्व्हर करतो. विंडो कशी दिसावी, कुठे उघडावी, तिला पट्टी असावी की नसावी, यात तो पडत नाही. ते ठरवण्यासाठी विंडो मॅनेजर असतो आणि सर्व्हरच्या दृष्टीने तोही इतरांसारखाच एक साधा प्रोग्रॅम. सप्टेंबर 1987 मध्ये आलेल्या एक्स11 मध्ये ही रचना पक्की झाली. त्याच साली टॉम लास्ट्रेंज यांनी लिहिलेला टीडब्ल्यूएम हा पट्टी आणि किनार देणारा विंडो मॅनेजर पुढे कित्येक वर्षं एक्सबरोबरच वाटला गेला.

यातली युक्ती सुंदर आहे. एखादा प्रोग्रॅम आपली विंडो उघडायला निघाला, की विंडो मॅनेजर मध्येच ती विनंती अडवतो, आपली एक किंचित मोठी विंडो तयार करतो आणि प्रोग्रॅमची विंडो तिच्या पोटात बसवतो. बाहेर उरलेल्या कडेवर तो पट्टी आणि बटणं रंगवतो. आतल्या प्रोग्रॅमला आपल्याभोवती काय आहे याची फिकीर करावी लागत नाही. म्हणूनच एक्सवर चालू असलेला विंडो मॅनेजर बंद करून दुसरा सुरू करता येतो. क्षणभर सगळ्या विंडो उघड्याबोडक्या दिसतात आणि मग नव्या रूपात परत येतात. आतलं अर्धवट लिहिलेलं पत्र किंवा चालू असलेलं गणित जागचं हलत नाही. दूरच्या संगणकावर चालणारा प्रोग्रॅम नेटवर्कवरून आपल्या पडद्यावर उघडला, तरी त्याला चौकट आपल्याच घरची मिळते.

प्रोग्रॅमला चौकट नको असेल तर? त्याचीही सोय झाली. 1990च्या आसपास मोटिफ या टूलकिटबरोबर, म्हणजे बटणं, मेनू असे तयार भाग पुरवणाऱ्या लायब्ररीबरोबर, एक खूण रूढ झाली, जी विंडोवर लावली की विंडो मॅनेजर तिला किनार आणि पट्टी देत नाही. मोटिफ केव्हाच मागे पडलं, पण ती खूण टिकली. पुढे क्रोमसारख्या ब्राउझरने लिनक्सवर स्वतःची पट्टी आणली ती याच जुन्या खुणेच्या आधाराने.

मॅकिंटॉश आणि विंडोजची वाट वेगळी होती. 1984च्या मॅकवर चौकट रंगवणारा कोड सिस्टिमचाच असे, मात्र तो एका ठरावीक साच्यात बांधलेला होता आणि हवं तर प्रोग्रॅमला त्या साच्यात स्वतःचा कोड बसवता येई. विंडोजमध्ये चौकट रंगवायची वेळ झाली की सिस्टिम तसा संदेश प्रोग्रॅमलाच पाठवते. बहुतेक प्रोग्रॅम तो संदेश जसाच्या तसा सिस्टिमकडे परत सोपवतात आणि सिस्टिम नेहमीची पट्टी रंगवते. पण मध्ये हात घालायची मुभा पहिल्यापासून आहे. ती मुभा गाजवली 1997 साली आलेल्या विनॅम्प या गाणी वाजवण्याच्या प्रोग्रॅमने. त्याला नेहमीची पट्टी नव्हती, होती ती पूर्णपणे रंगवलेली यंत्रासारखी दर्शनी बाजू आणि ती बदलण्यासाठी हजारो हौशी लोकांनी बनवलेल्या स्किन. तरुण वापरणाऱ्यांनी त्या डोक्यावर घेतल्या.

विनॅम्प ही हौस होती. क्रोमने केलं ते गरजेपोटी होतं. 2 सप्टेंबर 2008 रोजी आलेल्या या ब्राउझरने टॅब थेट टायटल बारच्या जागी नेऊन ठेवले. त्यामागे दोन भक्कम कारणं होती. पहिलं उंचीचं. ज्या काळात 1024 बाय 600 पिक्सेलच्या पडद्याचे छोटे नेटबुक विकले जात होते आणि 1366 बाय 768चे लॅपटॉप घरोघरी पोचत होते, त्या काळात नावाची पट्टी, मेनूची पट्टी, टूलबार आणि टॅबची पट्टी असे चार थर रचल्यावर वाचायला उरणारी जागा फारच आखूड असे. पडदे आडवे रुंद होत चालले होते आणि पट्ट्या सगळ्या उभ्या जागेवरच डल्ला मारत होत्या. दुसरं कारण हाताच्या हालचालीचं. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी 1954 मध्ये दाखवून दिलं, की एखाद्या लक्ष्यापर्यंत हात नेऊन पोचायला लागणारा वेळ त्याच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. पडद्याच्या काठाला चिकटलेलं लक्ष्य या हिशोबात फार मोठं ठरतं, कारण माउस कितीही जोरात वर ढकलला तरी काठाच्या पलीकडे जात नाही. विंडो पूर्ण मोठी केली की क्रोमचे टॅब नेमके वरच्या काठाला भिडतात. नुसतं नाव लिहिलेल्या पट्टीला ती मोक्याची जागा देण्यापेक्षा टॅबला देणं अधिक उपयोगाचं, हे पटण्यासारखं आहे.

जीनोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपने हाच विचार सगळ्या ॲपना लागू केला. सप्टेंबर 2013 मध्ये आलेल्या जीनोम 3.10 मध्ये हेडर बार अवतरला: टायटल बार आणि टूलबार यांची मिळून एकच जाडसर पट्टी. शोधाचं बटण, मागे जाण्याचा बाण, मेनू आणि विंडो बंद करण्याचं बटण एकाच ओळीत आले. जीनोमची ॲप पाहिली की या रचनेचा फायदा लगेच दिसतो. फाइल पाहण्याच्या विंडोत नावाची पट्टी म्हणजे वाया गेलेली जागा होती, कारण फोल्डरचं नाव खाली पत्त्याच्या रकान्यात पुन्हा लिहिलेलंच असे. पट्टीत काय हवं हे त्या ॲपच्या कामावर अवलंबून असेल, तर ते ॲपच्या डिझायनरनेच ठरवावं, हा जीनोमचा मुद्दा खरा आहे.

खरा तंटा पेटला वेलँडवरून. क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनी 2008 मध्ये एक्सच्या जागी यायला म्हणून वेलँडचं काम हाती घेतलं आणि ऑक्टोबर 2012 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती आली. वेलँडमध्ये सर्व्हर आणि विंडो मॅनेजर असे दोन वेगळे प्रोग्रॅम नाहीत. कॉम्पोझिटर नावाचा एकच कारभारी दोन्ही कामं पाहतो. प्रत्येक ॲप आपलं चित्र पूर्ण तयार करून त्याच्या हवाली करतं आणि तो ती सगळी चित्रं एकत्र मांडून पडदा सजवतो. मूळ करारनाम्यात चौकटीविषयी एक शब्दही नव्हता. याचा अर्थ चौकट ॲपनेच रंगवून द्यायची.

यामागची तांत्रिक कारणं नीट समजून घ्यायला हवीत, कारण ती आळसातून आलेली नव्हती. एक्सवर विंडोचा आकार बदलताना चौकट एकाच्या हातात आणि आतला मजकूर दुसऱ्याच्या, त्यामुळे चौकट आधी मोठी होई आणि मजकूर एक पाऊल मागून येई. मधल्या काळात काळे किंवा पांढरे पट्टे चमकत. तो मेळ बसवण्यासाठी एक्सवर एक वेगळी सूचनापद्धत नंतर जोडावी लागली. वेलँडचा आग्रह असा, की पडद्यावर येणारं प्रत्येक चित्र निर्दोष असावं, अर्धवट काही दिसूच नये. चौकट आणि मजकूर एकाच हातातून एकाच चित्रात आले तर हा प्रश्न उद्भवतच नाही. दुसरं म्हणजे विंडो तिरकी फिरवली किंवा लहानमोठी केली, तर दोन वेगळ्या चित्रांच्या सांध्यावर बारीक फट दिसते. एकच चित्र असेल तर सांधा नसतो.

केडीई या दुसऱ्या मोठ्या डेस्कटॉपच्या लोकांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या केविन या विंडो मॅनेजरची धुरा तेव्हा मार्टिन ग्रेसलिन यांच्याकडे होती. चौकट विंडो मॅनेजरकडेच राहिली पाहिजे, असा त्यांचा जाहीर आग्रह होता. केडीईत वापरणाऱ्याला चौकटीचा रंग, जाडी, बटणांचा क्रम सगळं निवडता येतं आणि ही निवड त्या प्रकल्पाचा जीव आहे. ॲपने स्वतः रंगवलेली चौकट त्या निवडीला जुमानत नाही. केडीईने मग स्वतःचा जोड-करार तयार केला आणि 2018 मध्ये सर्वांसाठी एक्सडीजी-डेकोरेशन हा करार आला. त्याची रचना साधी आहे. ॲप सांगतं की चौकट मी रंगवते किंवा तू रंगव. शेवटचा शब्द कॉम्पोझिटरचा. केडीईने तो स्वीकारला, मार्च 2019 मध्ये 1.0 आवृत्ती गाठलेल्या स्वे या टायलिंग, म्हणजे विंडो फरशांसारख्या शेजारीशेजारी मांडणाऱ्या, कॉम्पोझिटरनेही स्वीकारला. जीनोमचा कॉम्पोझिटर मटर मात्र तो देत नाही.

या नकाराची झळ कुणाला बसते? ज्यांचं स्वतःचं टूलकिट नाही अशांना. एखादा गेम, व्हिडिओ प्लेअर, टर्मिनल किंवा त्रिमितीय चित्रं बनवणारा प्रोग्रॅम आपल्या विंडोत थेट ग्राफिक्स कार्डाकडून चित्र उमटवून घेतो. त्याला बटणं, फॉन्ट, सावल्या यांच्याशी काही देणंघेणं नसतं. अशा प्रोग्रॅमला जीनोमवर दोनच पर्याय उरतात: पट्टीशिवाय उघडी विंडो दाखवणं, किंवा बंद करण्याचं एक बटण रंगवण्यासाठी फॉन्ट आणि थीमचा सगळा पसारा अंगावर घेणं. ही अडचण इतकी वाढली, की केवळ चौकट रंगवण्यासाठी लिबडेकोर नावाची स्वतंत्र लायब्ररी लिहावी लागली आणि गेमच्या जगात सर्वत्र वापरली जाणारी एसडीएल लायब्ररी आता तिची मदत घेते. जे काम एका ठिकाणी एकदा झालं असतं ते प्रत्येक प्रोग्रॅमच्या गळ्यात बांधलं गेलं. मटर बनवणाऱ्यांना आपला कारभारी सुटसुटीत ठेवायचा आहे हे समजतं. पण त्या सुटसुटीतपणाची किंमत त्यांनी दुसऱ्यांच्या खात्यावर मांडली आहे.

दिसण्यावरून आता वागण्याकडे वळू. प्रोग्रॅम अडकला, म्हणजे एखाद्या न संपणाऱ्या गणितात गुंतला किंवा नेटवर्कची वाट पाहत गोठला, तर काय होतं? पट्टी विंडो मॅनेजरची असेल तर ती ओढता येते, लहान करता येते. बंद करण्याचं बटण दाबल्यावर एक्सवरचा विंडो मॅनेजर प्रोग्रॅमला निरोप पाठवतो, 'जिवंत आहेस का?' असं विचारतो आणि उत्तर आलं नाही तर 'हा प्रोग्रॅम उत्तर देत नाही, जबरदस्तीने बंद करायचा का?' असं माणसाला विचारतो. पट्टी ॲपची असेल, तर बटणावरची टिचकी त्या गोठलेल्या प्रोग्रॅमकडेच जाते आणि तिथेच पडून राहते. वेलँडवर विंडो ओढायची तरी ॲपनेच कॉम्पोझिटरला 'आता मला हलव' असं सांगावं लागतं. गोठलेलं ॲप ते सांगणार कसं? इथेही कॉम्पोझिटर 'जिवंत आहेस का' हा प्रश्न विचारू शकतो आणि कीबोर्डची कळ धरून विंडो ओढायचा मार्ग असतो, पण तो माहीत असणारे थोडे.

विंडोजने या प्रश्नावर काढलेला तोडगा दाद देण्याजोगा आहे. पाच सेकंद एखाद्या प्रोग्रॅमने आपल्याकडचे संदेश उचलले नाहीत, तर सिस्टिम तो अडकला असं धरते. मग त्याची विंडो लपवून तिच्या जागी तशीच दिसणारी स्वतःची एक तोतया विंडो उभी करते, जिच्या नावापुढे तो प्रतिसाद देत नसल्याची सूचना असते. ही तोतया विंडो हलवता येते, लहान करता येते, बंद करता येते. विंडोज एक्सपीच्या काळापासून कोट्यवधी लोकांनी ती पाहिली आणि ती सिस्टिमची आहे हे फारच थोड्यांना कळलं. रोज पट्टी कुणीही रंगवो, संकटाच्या वेळी सिस्टिम ती आपल्या हाती घेते, हे त्यातलं मर्म आहे.

याहून गंभीर प्रश्न विश्वासाचा आहे. जोआना रुटकोव्स्का यांनी 2010 मध्ये जाहीर केलेली क्यूब्स ओएस ही सुरक्षिततेसाठी घडवलेली सिस्टिम पाहावी. तिच्यात एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रं चालतात: बँकेच्या कामासाठी एक, नोकरीच्या कामासाठी एक, संशयास्पद फाइल उघडण्यासाठी एक. सगळ्यांच्या विंडो एकाच पडद्यावर शेजारीशेजारी दिसतात. कोणती विंडो कोणत्या यंत्रातली हे माणसाला कळतं ते तिच्या रंगीत किनारीवरून, लाल, हिरवी, निळी, पिवळी. ही किनार सगळ्यात विश्वासू भाग रंगवतो आणि आतल्या प्रोग्रॅमला तिला स्पर्श करता येत नाही. एखाद्या प्रोग्रॅमला संपूर्ण पडदा व्यापण्याचीही मुभा नेहमीच्या मांडणीत नसते, कारण पूर्ण पडदा हाती आला तर तो खोट्या किनारीसकट अख्खा खोटा डेस्कटॉप रंगवू शकेल. क्यूब्समधली किनार आतल्या ॲपच्या हाती गेली, तर ती सिस्टिमच अर्थहीन होईल.

जावा ॲपलेटच्या दिवसांतही हीच काळजी घेतलेली दिसते. वेबपानातून आलेल्या अविश्वासू ॲपलेटने स्वतंत्र विंडो उघडली, तर तिच्यावर इशाऱ्याची पट्टी लागत असे आणि ती ॲपलेटला काढता येत नसे. नाहीतर कुणीही पासवर्ड विचारणारी हुबेहूब सिस्टिमची विंडो रंगवून लोकांना फसवलं असतं. वेबवर ही फसवणूक आजही होते. वेबपानाच्या आतच पत्त्याच्या रकान्यासकट ब्राउझरची एक छोटी खोटी विंडो रंगवतात आणि माणूस तिच्यात पासवर्ड भरतो. 2007 मध्ये कॉलिन जॅक्सन, अ‍ॅडम बार्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या युक्तीचा अभ्यास करून ती किती परिणामकारक ठरते हे दाखवलं आणि 2022 मध्ये तिची नवी आवृत्ती चर्चेत आली. तिच्यापासून वाचण्याचा साधा उपाय म्हणजे ती विंडो पट्टीला धरून ब्राउझरच्या काठाबाहेर ओढून पाहणं. खोटी विंडो बाहेर येऊ शकत नाही. वापरणाऱ्याने निवडलेली एकच चौकट सगळ्या खऱ्या विंडोंना असेल, तर खोटी चौकट निराळी म्हणून उठून दिसण्याची शक्यता तरी असते. प्रत्येक ॲपची पट्टी वेगळी असण्याची सवय लागली, की डोळ्यांना खटकायचं काही उरत नाही.

चौकट एका हाती असण्याचे काही फायदे तर ती वाटली गेल्यावरच ध्यानात येतात. बीओएस या जुन्या सिस्टिमच्या परंपरेतल्या हायकूमध्ये विंडोंवर पिवळ्या रंगाची लहान टॅबसारखी पट्टी असते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधनातून तिथे अशी सोय आली, की एक कळ धरून एका विंडोची पट्टी दुसरीच्या पट्टीशेजारी नेऊन ठेवली की दोन्ही विंडो एका गठ्ठ्यात बांधल्या जातात. एक विंडो ईमेलची, दुसरी टेक्स्ट एडिटरची असली तरी चालतं. त्या ॲपच्या लेखकांनी यासाठी एक ओळही लिहिलेली नसते. केडीईनेही फेब्रुवारी 2010 मध्ये अशी सोय आणली होती, ती पुढे मागे पडली. चौकट ॲपच्या ताब्यात असेल तर अशी कल्पना मांडायलाही सगळ्या ॲपांची परवानगी लागेल.

मराठी वापरणाऱ्यांचा या चौकटीशी आलेला संबंधही सांगण्यासारखा आहे. फाइलचं नाव मराठीत ठेवलं की ते टायटल बारमध्ये झळकतं. एक्सच्या जुन्या विंडो मॅनेजरांकडे अक्षरं रंगवायला एक्सची मूळ फॉन्टव्यवस्था असे आणि तिला एकेक अक्षर ओळीत मांडण्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. जोडाक्षर घडवणं, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणं तिच्या आवाक्यात नव्हतं. त्यामुळे आत एडिटरमध्ये 'पत्रिका' नीट दिसे आणि वर पट्टीत तिचे तुकडे पडत. जीनोमच्या मेटासिटी या विंडो मॅनेजरने मजकूर रंगवायला पँगो ही लायब्ररी वापरली, तेव्हा हा दोष गेला आणि तो सगळ्या ॲपांसाठी एकदम गेला. चौकट ॲपकडे असली तर हेच काम प्रत्येक टूलकिटने वेगळं करायला हवं. मोठी टूलकिट ते चोख करतात. एखाद्या छोट्या प्रोग्रॅमने पट्टी रंगवायला घाईघाईत लिहिलेल्या कोडकडून देवनागरीची ती जाण अपेक्षिता येत नाही. ज्यांना अक्षरं मोठी लागतात, रंगांत ठळक फरक लागतो, अशा अधू दृष्टीच्या माणसांनाही हाच अनुभव येतो: सिस्टिमची पट्टी त्यांचं ऐकते, ॲपने स्वतः रंगवलेली पट्टी ऐकेलच असं नाही.

लोकांनी याविरुद्ध हातपाय मारले नाहीत असं नाही. ॲपने स्वतः रंगवलेली चौकट बंद करून विंडो मॅनेजरची पट्टी परत आणणारी जीटीके3-नोसीएसडी नावाची छोटी लायब्ररी डेबियन या लिनक्स वितरणाच्या भांडारात आली. ती ॲप सुरू होतानाच मध्ये शिरून त्याच्या चौकटीविषयीच्या विनंत्या बदलते. डिसेंबर 2020 मध्ये एक्सएफसीई 4.16ने आपल्या सेटिंगच्या विंडोंना हेडर बार दिले, तेव्हा साधेपणासाठी तो डेस्कटॉप निवडणारे बरेच जण नाराज झाले आणि 4.18 मध्ये संवादाच्या विंडोंना हेडर बार हवा की नको हे निवडण्याची सोय आली.

तोडगा कसा असू शकतो हे खुद्द मॅक आणि विंडोजवर दिसतं. मॅकवर ॲप आपला मजकूर थेट पट्टीच्या खाली सरकवू शकतं, पट्टी पारदर्शक करू शकतं, तिच्यात टूलबार बसवू शकतं. पण लाल, पिवळा, हिरवा हे तीन ठिपके ॲपलच्या चौकटीतून येतात. शिवाय ॲप चौकटीला निरोपही देऊ शकतं. कागदपत्रात न जतन केलेले बदल आहेत असं ॲपने कळवलं, की लाल बटणाच्या मधोमध काळा ठिपका उमटतो. नेक्स्टस्टेप या जुन्या सिस्टिममध्ये याच कामासाठी बंद करण्याच्या बटणावरची फुली तुटलेली दिसे. चौकट सिस्टिमची आणि तिच्यावरची माहिती ॲपची, असं सहकार्य चाळीस वर्षांच्या या इतिहासात अनेकदा जमलेलं आहे. केडीईच्या डिझायनरांनी यापुढे जाऊन ॲपने आपली बटणं चौकटीला फक्त वर्णन करून सांगावीत आणि चौकटीने ती रंगवावीत, असा प्रस्ताव मांडला होता. तो प्रत्यक्षात उतरला असता तर कदाचित अर्धा वाद मिटला असता.

ऑक्टोबर 2021 मध्ये आलेल्या विंडोज 11ने तर या सहकार्याची उघड परीक्षाच घेतली. मोठी करण्याच्या बटणावर माउस नेला की विंडो पडद्यावर कुठे कशी बसवायची याचे छोटे नकाशे उघडतात. ज्या ॲपनी ते बटण स्वतः रंगवलं होतं त्यांच्यावर ते उघडेनात. विंडोज माउसच्या प्रत्येक हालचालीला ॲपला विचारतं, 'या बिंदूवर काय आहे?' ॲपने 'इथे मोठी करण्याचं बटण आहे' असं खरं उत्तर दिलं, तर रंगवणारा कुणीही असो, नकाशे उघडतात. रंग ॲपचा, पण त्या बिंदूचा अर्थ सिस्टिमला ठाऊक. हीच वाट धरण्यासारखी आहे. पट्टीत काय दिसावं यावर ॲपचा हक्क मान्य करावा. विंडो हलवणं, बंद करणं, ओळखणं या तीन गोष्टी मात्र ॲपच्या मर्जीवर सोडू नयेत आणि ज्या ॲपला पट्टी रंगवायचीच नाही त्याला ती मागितल्यावर मिळावी.

जीनोमने एक्सडीजी-डेकोरेशन स्वीकारला तर त्यांच्या हेडर बारचं काहीच बिघडत नाही. हेडर बार असलेलं ॲप 'चौकट मी रंगवते' असं सांगेल आणि मटरने ते मान्य केलं की सगळं आजच्यासारखंच दिसेल. मागणी करतील ते गेम, टर्मिनल, व्हिडिओ प्लेअर. चौकट रंगवायचा कोड नव्याने लिहायचीही गरज नाही. वेलँडवर चालवल्या जाणाऱ्या जुन्या एक्स प्रोग्रॅमांना मटर आजही पट्टी देतो आणि ती रंगवण्यासाठी जीनोमने एक वेगळा छोटा प्रोग्रॅम सांभाळला आहे. तीस वर्षांहून जुन्या एक्सक्लॉक या घड्याळाच्या प्रोग्रॅमला जीनोममध्ये टायटल बार मिळतो. या वर्षी लिहिलेला वेलँडचा प्रोग्रॅम तो मागतो तेव्हा त्याला तो मिळत नाही.